फियाटचे साइड मिरर : सगळीकडे फिरलो, मिळाले गोवावेसला

"आरसाच तर आहे, त्याला एवढं काय" असं आमची ही म्हणाली तेव्हा जून चालू होता आणि दोन्ही दारांना आरसे बसले ते खंडेनवमीच्या सकाळी, गाडीची पूजा व्हायच्या तासभर आधी, म्हणजे बघा. चार महिने. एवढ्यात माणूस नवीन गाडी बुक करून घरी आणतो. म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं, आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात अजून बऱ्याच जणांच्या शेडमध्ये जुन्या गाड्या झाकून ठेवलेल्या आहेत आणि प्रत्येकजण कधी ना कधी या आरशापाशी येऊन अडकतोच.

गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. १९७४ पासून कागदावर पद्मिनी, पण आमच्याकडे कोण पद्मिनी म्हणत नाही, फियाटच. बाबांनी ९३ साली खानापूरच्या एका डॉक्टरांकडून घेतली, क्रीम कलर, हँडल गिअर (स्टेअरिंगच्या दांड्यावरचा), १०८९ सीसीचं इंजिन आणि अजून एका चावीत चालू होते (थंडीत दोन). मुंबईतली शेवटची फियाट टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली तेव्हा टीव्हीवर बघून बाबा अर्धा तास काही बोललेच नाहीत, मग उठून जाऊन गाडीचं कव्हर झटकून आले. असो.

तर झालं असं की कपिलेश्वर पुलाच्या उतारावर एका मालवाहू रिक्षावाल्याने उजवीकडून घासून काढली आणि आमचा एकुलता एक आरसा दांड्यासकट खाली. एकुलता एक म्हणजे खरंच एकच होता. त्या काळात बऱ्याच गाड्यांना डावीकडे आरसाच नसायचा, डावीकडचं बघायला शेजारी माणूस बसायचा. बाबा अजून म्हणतात "बघ रे मागनं काय येतंय" आणि शेजारचा माणूस मान बाहेर काढून "या, या, या" करतो. राणी पद्मिनीला म्हणे खिलजीने आरशात बघितलं होतं, आणि इथे आमच्या पद्मिनीलाच आरसा नाही. त्यात यावर्षी आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणीची मुदत संपत होती, पंधरा वर्षांच्या वरच्या गाडीला दर पाच वर्षांनी आरटीओत तपासून पासिंग करून घ्यावं लागतं आणि आरशाशिवाय गाडी तिथे न्यायची म्हणजे तोंडावर आपटायचं. म्हटलं बसवायचेच आहेत तर दोन्ही बाजूला बसवू, रस्त्यावर आता डावीकडून ओव्हरटेक करणारेच जास्त झालेत.

सुरुवात बेळगावातूनच केली. भाचा पुण्याहून सुट्टीला आलेला, त्याला घेऊन जुन्या पीबी रोडवरच्या एका स्पेअरच्या दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या माणसाने मोबाइलमधून मान वर न करता विचारलं, "याव कन्नडी बेकु री?" तर भाचा एकदम गंभीर होऊन म्हणतो, "काका, आम्हाला कन्नड येत नाही, मराठीत सांगता का?" तो माणूस असा हसला की मोबाइल खाली ठेवला त्याने. कानडीत आरशाला कन्नडी म्हणतात. त्याने शेजारच्या स्कूटरचा आरसा टिचकी मारून दाखवला, "इदु कन्नडी! इदु!" आणि मग मराठीतच म्हणाला, "फियाटचं आता मिळत नाही वो, अँबेसेडरचं बघा, बसतंय की." हे "बसतंय की" मी पुढच्या चार महिन्यांत इतक्या वेळा ऐकलं की आता कोण म्हटलं तर दातच खातो.

अँबेसेडरचा बसत नाही. म्हणजे माझ्या दाराला तरी नाही बसला. बूड मोठं आहे, फियाटच्या दाराला जी बाहेरची गोलाई आहे तिच्यावर ते बूड टेकतच नाही, एक कोपरा टेकवला की दुसरा उचलतो, चार पायांच्या टेबलाखाली कागदाची घडी घालतात तसं करायला लागतं. मारुती आठशेचा पण कोणीतरी सुचवतंच, त्याचा तर विचारही करू नका, तो काचेच्या पुढच्या कोपऱ्यातल्या तिकोनात बसतो आणि आपल्या फियाटला त्या जागी उघडणारी छोटी काच आहे. ती काढून आरसा लावायचा म्हणजे नाक कापून चष्मा घालायचा.

मग ऑनलाइन. दिल्लीच्या एका विक्रेत्याकडून "पद्मिनी, अँबेसेडर, जीप सगळ्याला चालेल" असं लिहिलेली जोडी मागवली, १४५० रुपये. फोटोत काय चमक होती राव. आली तेव्हा हातात घेतल्या घेतल्या कळलं, प्लास्टिकवर क्रोमचा मुलामा, वजनच नाही. बरं, जोडी म्हणून पाठवली तर दोन्ही आरसे एकाच हाताचे! दोन्ही उजवे. म्हणजे डावीकडे लावला की दांडा पुढच्या बाजूला वळण्याऐवजी मागे वळतो आणि आरसा आकाशातले कावळे दाखवतो. परत पाठवायचं तर पार्सलचा खर्च आमच्यावर, म्हटलं जाऊ दे, निदान उजवा तरी लावू. लावला. आमच्या पावसात तीन आठवडे टिकला, मग कडेने मुलामा सुटायला लागला, आंब्याची साल सुटते तसा, आणि काचेत एका बाजूने पाणी. शिवाय काच फुगीर. फुगीर काच वाईट असते असं नाही, जास्त जागा दाखवते ती, पण मागची गाडी आहे त्यापेक्षा लहान आणि लांब दिसते, आणि ज्याने तीस वर्षं सपाट काचेत बघून गाडी चालवली त्याला हा अंदाज येत नाही. बाबांनी पहिल्याच दिवशी आरपीडी कॉर्नरला मागून येणारी बस "अजून लांब आहे" म्हणून गाडी उजवीकडे घेतली. बसवाल्याने कानडीत जे काय ऐकवलं त्याचं भाषांतर भाच्याने नंतर तीनदा विचारलं, मी नाही सांगितलं.

मधे एका रात्री परदेशातल्या फियाट ११०० चे आरसे पण बघून झाले. सुंदर असतात, स्टीलचे, बारीक दांडा, तोंडाला पाणी सुटतं. पण एक तर किंमत, त्यावर पोस्टेज, त्यावर कस्टम, आणि दुसरं म्हणजे तिकडे स्टेअरिंग डावीकडे. हे लक्षात घ्या कारण इथे बरेच जण फसतात : चालवणाऱ्याच्या बाजूचा आरसा थोडासाच आत वळलेला असला तरी चालतं, पण पलीकडच्या बाजूचा बराच आत वळवावा लागतो कारण बघणारा तिकडून लांब बसलेला असतो. तिकडच्या जोडीत डावा आरसा चालवणाऱ्यासाठी केलेला, तो आपल्याकडे डावीकडे लावला तर दांडा तेवढा वळतच नाही, आरसा ज्याच्यावर फिरतो तो बॉल अडतो. उलटसुलट करून लावता येईल की नाही हे प्रत्येक डिझाइनला वेगळं. मी नाही मागवले.

कोल्हापूरला उद्यमनगरात एका गॅरेजवाल्याने आयडिया दिली की बुलेटचे गोल आरसे घ्या, पट्टीचा एल अँगल करून दाराला ठोका, १० एमएमचा दांडा असतो, नट आवळला की झालं. ६५० रुपयांत दोन्ही बाजूचं काम करून दिलं, दिसायला खरं सांगू का, लई भारी दिसत होतं, म्हशीच्या शिंगांसारखं दोन्ही बाजूला. परत येताना कोगनोळी टोल नाक्यापर्यंत मी खुश. मग हायवेला पन्नासच्या वर गेलो आणि आरसे थरथरायला लागले, मागे एक ट्रक होता त्याचे तीन ट्रक झाले, संकेश्वर येईपर्यंत मी आरशात बघणंच सोडून दिलं. बुलेटवर ते चालतं कारण बुलेटवाला तसाही अख्खा थरथरत असतो, आणि तिथे दांडा जाड हँडलला धरलेला असतो, इथे दाराच्या पातळ पत्र्याला पट्टी, पट्टीला दांडा, दांड्याच्या टोकाला वजन. पत्राच स्प्रिंगसारखा हलतो. गॅरेजवाल्याची चूक म्हणणार नाही, त्याने मागितलं तेवढं केलं, पण मी पण स्टोअरमध्ये काम करणारा माणूस (बेळगावला उद्यमबागेत फौंड्रीत आहे), मला आधी कळायला पाहिजे होतं.

भाचा पुण्याला परत गेल्यावर रविवारी जुन्या बाजारात जाऊन एक नग घेऊन आला, ८०० रुपये. हा खरा जुना, ओतीव बुडाचा, दांडा आणि बूड एका तुकड्यात. पण एकच, काच गेलेली, डोकं चेपलेलं आणि क्रोमवर देवीचे व्रण असतात तसे फोड. प्लेटिंगवाल्याला दाखवला तर त्याने नखाने खरवडलं आणि नको म्हणाला, हे जस्ताच्या ओतकामाचं आहे, फोड आतपर्यंत गेलेत, पॉलिशला घेतलं तर खड्डे मोठे होतील. तो नग पिशवीत घालून ठेवून दिला. हाच पुढे उपयोगी पडला.

आता ज्या दुकानासाठी एवढं लिहितोय ते.

बेळगावातच गोवावेसहून शहापूरच्या बाजूला जाताना आतल्या गल्लीत आहे, पाटीवरची अक्षरं पावसाने धुऊन गेलीत त्यामुळे नाव लिहून उपयोग नाही, बाहेर जुने ड्रम आणि एक बिनचाकाची लँब्रेटा उभी आहे ती खूण. दुकानातले काका सत्तरीचे असतील. मी पिशवीतून भाच्याचा नग, ऑनलाइनचे दोन, बुलेटचे दोन असं सगळं काउंटरवर मांडलं, भांड्याच्या दुकानात मोड द्यायला आल्यासारखं. त्यांनी एकालाही हात लावला नाही. म्हणाले, "गाडी कुठाय?"

घरी आहे म्हटलं.

"मग आरसा कुणाला बसवू, तुम्हाला? गाडी आणा की."

बघा, एवढ्या महिन्यांत, एवढ्या दुकानांत, गाडी आणा असं म्हणणारा हा पहिला माणूस. बाकी सगळ्यांनी एक तर मॉडेल विचारलं नाहीतर फोटो मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन गेलो. काकांनी आधी उजव्या दाराची भोकं बघितली, माझ्याकडे माप घ्यायचा व्हर्नियर होताच, दोन भोकांत ४२ एमएम. ते म्हणाले हे अंतर लिहून ठेवा पण त्याच्यावर जाऊ नका, त्या काळात बाहेरचा आरसा कित्येक गाड्यांना नंतर दुकानातून बसवून घेतलेला असायचा, ज्याने जशी ड्रिल मारली तशी भोकं, त्यामुळे शेजारच्या फियाटचं माप तुमच्या फियाटला लागेलच असं नाही. भोकात बसला म्हणजे दाराला बसला असं नाही आणि दाराला बसला तरी चालवणाऱ्याला दिसेल असं काही नाही, हे मला १४५० अधिक ६५० रुपये घालवून समजलेलं, त्यांनी फुकटात सांगितलं.

मग त्यांनी मला सीटवर बसवलं. नेहमी बसता तसं बसा, फोटोला बसल्यासारखं ताठ नको. स्वतः बाहेर उभे राहून एक सुटा गोल आरसा हातात धरून दारावरून इंचइंच मागेपुढे सरकवत गेले आणि मी सांगायचं काय दिसतंय. पुढे धरला की मधे छोट्या काचेची उभी क्रोमची पट्टी येते, आरशाचे बरोब्बर दोन तुकडे होतात. जास्त मागे घेतला की मान वळवावी लागते. उजवीकडे आमची जुनी भोकं नशिबाने बरोबर जागी होती. डावीकडे योग्य जागा उजव्यापेक्षा चांगली दीड इंच पुढे निघाली, म्हणजे दोन्ही बाजूंना समोरासमोर भोकं पाडली असती (मी तेच करणार होतो) तर डावा आरसा आयुष्यभर शोभेला राहिला असता.

त्याच्यापुढची गंमत. दुकानातल्या पोराला त्यांनी पिवळ्या रंगाचा रिकामा डबा डोक्यावर धरून गाडीच्या मागे चालायला लावलं. दहा पावलं मागे, मग हळूहळू तिरकं चालत उजव्या दाराकडे. मी आरशात बघत "दिसतंय, दिसतंय, दिसतंय... गेलं" म्हणायचं, आणि "गेलं" म्हटल्यावर पोरगा जिथे असेल तिथे खडूने रेघ. फुगीर काच धरली की रेघ गाडीच्या जवळ, सपाट धरली की लांब. गल्लीतली चार माणसं जमली, एक आजी तर विचारायला लागल्या कसली पूजा आहे म्हणून. पण त्या दोन रेघा बघितल्यावर मला सपाट आणि फुगीर काचेतला फरक जो समजला तो कुठे वाचून समजला नसता. शेवटी ठरलं : उजवीकडे सपाट काच, बाबांच्या सवयीची, डावीकडे थोडी फुगीर, कारण डावीकडे सवय मोडायला मुळात सवयच नव्हती.

आरशाची डोकी त्यांच्याकडे होती, जुना स्टॉक, जीपला लागायची म्हणे, चार इंचाचं गोल स्टील, मागे बॉल आणि स्प्रिंग. स्टील म्हणजे स्टेनलेस आहे हे सांगायला त्यांनी खिशातून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं, डोक्याला लावलं, चिकटलं नाही. मग माझ्या बुलेटच्या आरशाला लावलं, टक्कन चिकटलं, "हे लोखंड, वर क्रोम, दोन पावसाळे." ऑनलाइनच्याला लावलं तर चिकटलं नाही तसं मी म्हटलं हे पण स्टील का मग, तर काका माझ्याकडे बघून म्हणाले, "प्लास्टिकला चुंबक चिकटतंय होय?" गप्प बसलो. दोन डोकी १९०० रुपयांना दिली, घासाघीस केली नाही, करायला तोंडच नव्हतं.

पण दांडे जीपचे, बूड जीपचं. इथे भाच्याने आणलेला तो चेपका नग कामाला आला. त्याच्या बुडाचा आकार फियाटच्या दाराला बऱ्यापैकी बसत होता, फक्त डावीकडे कोन जास्त पाहिजे. काका म्हणाले ओतून घ्या. मी म्हटलं ओतकामात आमचा जन्म गेलाय, दोन नगासाठी पॅटर्न (ज्याच्यावरून ओतायचा साचा करतात तो नमुना) कोण करणार, पॅटर्नच्या पैशात दुसरी गाडी येईल. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कापून घेतलं तर होईल. त्यांनी तिथेच काउंटरखालून कुणाच्यातरी लग्नाची जाड पत्रिका काढली, दार आणि आरशाचा दांडा यांच्या मधे धरून घडी घातली, कात्रीने कापत कापत पाचर तयार केली, उजव्याची वेगळी, डाव्याची वेगळी, आणि वर पेनने "डा" आणि "उ" लिहून माझ्या हातात दिली. गणपतीचा फोटो असलेल्या त्या पत्रिकेच्या दोन पाचरा हेच माझं ड्रॉइंग.

ड्रॉइंग घेऊन उद्यमबागेत गेलो, आमच्या कंपनीच्या मागच्या शेडमध्ये एक लेथवाला आहे, एक लेथ एक मिलिंग एवढाच पसारा. बेळगावात राहायचा हा फायदा आहे बघा, इथे हायड्रॉलिकची कामं करणारी शेडं गल्लोगल्ली आहेत, हजारांत नग काढणारी माणसं आहेत आणि त्यातलाच एखादा संध्याकाळी पाचनंतर तुमचे दोन नग पण हौसेने करून देतो. पत्रिका बघून हसला नाही. घडीवर कोन मोजला, डाव्याचा उजव्याच्या जवळजवळ दुप्पट आला, लेथवर गोल केलं, मिलिंगवर तिरकं तासलं, खालची बाजू दाराच्या गोलाईप्रमाणे हाताने कानशीने घासत बसला, मधे मधे कार्बन पेपर लावून कुठे टेकतंय बघत. दोन नगांचे ११०० घेतले. दोन दिवसांत देतो म्हणाला आणि अकराव्या दिवशी दिले, पण काम असं की बूड दारावर ठेवलं आणि मी वरून एका बोटाने दाबलं तर कुठूनही हललं नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा.

बसवायला परत काकांकडेच. इथे दोन-तीन गोष्टी सांगतो, कारण यातच लोक घाई करतात आणि दोन पावसाळ्यांनी दार सडवून घेतात. डाव्या दाराला नवीन भोकं पाडल्यावर उघडा पत्रा दिसतो, त्याला आधी प्रायमर, आतून पण, नुसतं बाहेरून नाही, आणि तो वाळेपर्यंत चहा प्यायचा, स्क्रू घालायचा नाही. बूड आणि दार यांच्या मधे रबर पाहिजेच, ॲल्युमिनियम आणि लोखंड ओले राहून चिकटून बसले की एकमेकांना खातात. काकांनी सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलं, बुडापेक्षा एक दोरा बाहेर, नंतर ब्लेडने कडेने सारखं केलं. आणि स्क्रूची लांबी! उजवीकडचा एक स्क्रू त्यांनी लांब घातला, गाडी घेऊन घरी आलो, काच खाली केली तर आतून कर्रर्र असा आवाज. पॅनेल उघडून बघितलं तर स्क्रूचं टोक काचेला टेकायला आलेलं, अजून दोनदा काच खालीवर केली असती तर आरपार ओरखडा. परत गेलो, बदलून दिला, पैसे घेतले नाहीत, पण सॉरी वगैरे पण म्हणाले नाहीत, म्हणाले "तुम्ही तिथेच काच फिरवून बघायची की वो." बरोबर आहे म्हणा, पण बघायचं कुणी?

काचा फोटो फ्रेमवाल्याकडून कापून घेतल्या, म्हणजे उजवीकडची सपाट, डावीकडची फुगीर डोक्यासोबतच होती. सपाट काच १६० रुपये, गोल कापायला त्याने दोन फोडल्या पण त्याचे पैसे लावले नाहीत. फ्रेमवाल्यानेच सांगितलं की आरसा कडेपासून मरतो, पाणी कडेने मागच्या रंगाखाली शिरतं आणि काळे डाग आत आत यायला लागतात, म्हणून कड बंद करून घ्या. वार्निश नव्हतं घरात, हिची नेलपॉलिश होती, लाल, तीच दोन हात कडेने फिरवली. ही शेजारी उभी राहून म्हणाली माझ्या नखांना कधी एवढं निगुतीनं लावलं नाहीस. मागच्या बाजूला चिकटपट्टी पण आडवी उभी मारून घेतली, साधी काच आहे, उद्या कुठे आपटली तर तुकडे अंगावर यायला नकोत.

रस्त्यावर कसे चालतात ते सांगतो. खानापूर रोडला साठपर्यंत आरसा हलत नाही, सत्तरला कडा जराशा थरथरतात पण मागे ट्रक आहे की बस ते कळतं, आणि सत्तरच्या वर मी ती गाडी नेतच नाही. चोर्ला घाटात उतरताना डाव्या आरशाचा खरा फायदा समजला, दरीच्या बाजूला चाक रस्त्याच्या कडेपासून किती आत आहे ते सीटवरून दिसतं, आधी शेजारच्याला विचारायला लागायचं. तोटा एकच, हे आरसे आत दुमडत नाहीत. खडे बाजारात गर्दीत गाडी घातली की दोन्ही बाजूंनी माणसांच्या पिशव्या लागतात, बॉल फिरून जातो आणि दर वेळी काच खाली करून परत सेट करायचा, डाव्यासाठी तर उतरून पलीकडे जायचं. बाबांना डाव्या आरशाची अजून सवय नाही, आरसा असून पण "बघ रे मागनं" चालूच आहे.

पासिंगला साहेबांनी आरसे हलवून बघितले, ओढून बघितले, विचारलं ओरिजिनल का म्हणून. मी हो म्हणालो. एवढं एक खोटं बोललो.

खर्चाचं विचाराल तर वाया गेलेले २१०० धरून सगळे मिळून ६०६० झाले. सरळ काकांकडे गेलो असतो तरी जवळजवळ चार हजार झालेच असते, कारण भाच्याचा तो नग नमुन्याला लागलाच असता. महाग आहे, मान्य. फक्त पासिंगपुरतं पाहिजे असेल त्याने दुसरीकडून स्वस्तातलं घ्यावं, पण गाडी खरंच रस्त्यावर काढणार असाल तर ही शिंगं आणि प्लास्टिक नको.

दुकानाला पाचपैकी चार. एक तारा का कापला ते पण लिहितो. दुपारी दीडला शटर पडतं ते साडेचार-पाचला वर जातं, मी दोनदा उन्हात उभा राहिलो. बिल मागितलं तर सिगरेटच्या पाकिटाच्या मागे आकडे लिहून दिले. फोन उचलत नाहीत, उचलला तर "या की" एवढंच. आणि बोलायला बसले की उठता येत नाही, डुक्कर फियाटच्या (पद्मिनीच्या आधीची जुनी गोलमटोल फियाट) जमान्यापासून सुरुवात करतात, मला मजा आली पण घाईतल्या माणसाने जाऊ नये. गाडीशिवाय गेलात तर परत पाठवतील, आरशाचं मोडकं बूड, दांडा काय असेल ते मात्र घेऊन जा, फेकून देऊ नका. मी निघालो तेव्हा त्या गोल डोक्यांपैकी फुगीर काचेची दोनच शिल्लक होती.

परवापासून उजव्याचा बॉल जरा ढिला वाटतोय, खड्ड्यात गेलं की आरसा मान खाली घालतो. मागचा नट अर्धा आटा आवळायचा एवढंच काम आहे, घरी पण होईल, पण काकांनी सांगितलंय स्वतः आवळायचं नाही, स्प्रिंग चेपते. शनिवारी साडेपाचला जाऊन येतो.